दोन डोळ्यांचा चष्मा

आमच्याकडं माणसाची किंमत तो गाडी कशी चालवतो यावर ठरते. दादाची किंमत फार होती.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठा. वडील गेले तेव्हा मी सातवीत होतो आणि तो कोल्हापूरच्या उद्यमनगरात दुसऱ्याच्या लेथवर कामाला होता. पुढं त्यानं स्वतःचं वर्कशॉप काढलं, मला डिप्लोमा करू दिला, माझं लग्न लावलं आणि त्यातलं काही एकदाही बोलून दाखवलं नाही. त्यामुळं त्याच्यापुढं तोंड उघडायची सवय मला लागलीच नाही. तरुणपणी तो मोटारींच्या स्पर्धांत उतरायचा. दोन ढाली अजून वर्कशॉपच्या फळीवर आहेत, ग्रीसचे हात लागून काळ्या झालेल्या. चाळिशी उलटल्यावर वहिनीनं शपथ घालून स्पर्धा बंद करायला लावल्या, पण रस्त्यावरचा दादा होता तसाच राहिला. दोन उसाच्या ट्रकांमधून तो अशी गाडी काढायचा की बाजूला बसलेला माणूस आधी देवाचं नाव घ्यायचा आणि उतरल्यावर चार ठिकाणी त्याचं कौतुक सांगत सुटायचा.

मी मशिनांची कंट्रोल कार्डं दुरुस्त करतो. वर्कशॉपच्या माळ्यावर माझी खोली आहे. तिथं आम्ही दोघांनी कॉम्प्युटरवर मोटार पळवायचा सांगाडा उभा केला होता. त्याला सिम्युलेटर म्हणतात. वहिनी ‘खेळणं’ म्हणायची. भंगारातल्या गाडीची सीट, तिचंच स्टिअरिंग, दादानं स्वतः कातलेले पेडलचे दांडे आणि समोर मोठा पडदा. रविवारी दुपारी जेवण झालं की आम्ही दोघं वर जायचो. एक पन्नाशी ओलांडलेला, एक चाळिशीतला, आणि भांडण लहान पोरांसारखं. भांडून उपयोग काहीच नव्हता, कारण जिंकायचा तोच.

चष्मा मी आणला. मुंबईहून आलेल्या जुन्या मालात तो आणि त्याला चालणारा पडदा असं दोन्ही मिळालं. त्याची करामत अशी की पडद्यावर डाव्या डोळ्याचं चित्र आणि उजव्या डोळ्याचं चित्र आलटून पालटून येतं, आणि चष्म्याच्या काचा त्याच तालात एक उघडते, एक मिटते. हे इतक्या वेगानं चालतं की आपल्याला पत्ता लागत नाही. डोक्यात दोन चित्रं एक होतात आणि सपाट पडद्याला खोली येते. पहिल्या दिवशी पुढची गाडी पडद्यातून निघून माझ्या गुडघ्यापाशी आली तेव्हा मी खरंच पाय मागं ओढला. वळण किती लांब आहे, ब्रेक कुठं दाबायचा, सगळं आधीच कळायला लागलं. चष्मा एकच होता, म्हणून पाळीपाळीनं पळवायचो आणि वेळ लावून बघायचो. त्या दुपारी मी दादाला पहिल्यांदा हरवलं.

दादाला चष्म्याचं काही वाटलंच नाही. “लावला काय न काढला काय, सारखंच,” तो म्हणाला. “उलट अंधारल्यागत दिसतंय.”

“नाचता येईना अंगण वाकडं,” मी म्हटलं. एवढी थट्टा मी करू शकायचो, ती पण फक्त माळ्यावर. तो हसला. पुढच्या तीन-चार रविवारी मी सारखा जिंकत गेलो आणि मला इतका आनंद झाला होता की आपण का जिंकतोय, हा प्रश्न मला पडला नाही.

मग एका रविवारी दादा सीटवर होता, चष्मा लावून, दुसरी फेरी चालू होती. मी मागं उभा होतो. एकदम त्यानं स्टिअरिंग सोडलं.

“लाईट गेली काय रं?”

डोक्यावर पंखा फिरत होता. स्पीकरमधून गाडीचं इंजिन कोकलत होतं. गाडी भिंतीला घासत चालली होती आणि ते सगळं मला पडद्यावर दिसत होतं.

“लाईट हाय की,” मी म्हटलं.

“मग पडदा गेला तुझा. काय दिसंना.”

मी त्याच्या नाकावरचा चष्मा काढून स्वतः लावला. उजवी काच मिटली होती ती उघडतच नव्हती. आतली जोडणी बिघडली असणार. डावी काच ठणठणीत होती. डाव्या डोळ्यानं मला भिंत दिसत होती, धूळ उडालेली दिसत होती, सगळं दिसत होतं. मी चष्मा हातात धरून दादाकडं बघितलं. त्यानं माझ्याकडं बघितलं, आणि त्याला कळलं की मला कळलं.

तीन वर्षांपूर्वी लोखंडाचं कास्टिंग घासताना डाव्या डोळ्यात कण गेला होता, हे त्यानं तिथंच बसून सांगितलं. त्याच्या गॉगलला तेव्हाही काम एकच होतं, खिळ्याला लटकायचं. उद्यमनगरात डोळ्यात कण गेला म्हणून कुणी दवाखान्यात पळत नाही. शेजारच्या शेडमधला लेथवरचा एखादा जुना टर्नर काडेपेटीच्या काडीला कापूस गुंडाळतो, पापणी उलटी करतो आणि कण टिपून घेतो. आम्हाला त्या हाताचा फार अभिमान. मी पण दोनदा तसा कण काढून घेतला आहे आणि डॉक्टरला हसलो आहे. दादाचाही कण निघाला, पण डोळा लाल राहिला. मेडिकलमधून आणलेले थेंब टाकून झाले, देवाचं तीर्थ लावून झालं. मग एक दिवस लाली गेली, आणि लालीबरोबर नजरही गेली.

“आता त्या डोळ्यानं कितपत दिसतंय?” मी विचारलं.

“उजेड-अंधार कळतोय. भागतंय की. तुमच्या दोन डोळ्यांपरास माझा एक बरा.”

“दादा, रस्त्यावर...”

“काय झालंय काय रस्त्यावर? तीन वर्षं चालवतोय. एक तरी ओरखडा दाखव.” मग त्यानं दाराकडं बघितलं. “काण्या म्हणतील मला. बारीक काम कोण देणार? आन् तुझ्या वहिनीला कळलं तर ती जीव द्यायला उठंल. कुणाला बोललास तर माझं मेलेलं तोंड बघशील.”

चष्मा नसला की सपाट पडद्यावर खोली कुणालाच दिसत नाही, सगळेच जणू एका डोळ्यानं बघत असतात, म्हणून इतके दिवस तिथं त्याला काही कमी पडत नव्हतं, हे माझ्या त्या दिवशी लक्षात आलं. रस्त्याची गोष्ट वेगळी होती. डोळ्यांच्या डॉक्टरकडं तरी चल, असं मी दोनदा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणायच्या आत तो उठून खाली गेला.

त्यानंतर मी चोरट्यासारखा वागायला लागलो. कुठं जायचं झालं की मी आधीच किल्ली घ्यायचो, मला तिकडंच काम आहे म्हणायचो, त्याच्या गाडीचा क्लच बिघडलाय म्हणून ती दोन आठवडे उघडूनच ठेवली. बायकोला सांगावं असं रोज वाटायचं. पण बायकोला सांगितलं की वहिनीला कळणार, वहिनीला कळलं की दादाला, आणि मग मी दादाला कोणतं तोंड दाखवणार? मला त्याच्या जिवाची काळजी होती हे खरं. पण त्याहून जास्त मला त्याची भीती होती, आणि हे आज लिहितानाही लाज वाटते.

अशात माझी नवी गाडी आली. आमच्याकडं नवी गाडी पहिल्यांदा ज्योतिबाच्या डोंगरावर जाते. गुलाल लागल्याशिवाय ती आपली झाली असं कुणी मानत नाही. आणि त्या पहिल्या फेरीला स्टिअरिंग घरातल्या थोरल्याच्या हातात द्यायचं, हा आमच्या घरचा रिवाज. वडिलांनी त्यांच्या जीपचं स्टिअरिंग त्यांच्या थोरल्या भावाला दिलं होतं, आणि त्या काकांना तर धड चालवताही येत नव्हतं.

रविवारी सकाळी गाडी दारात उभी होती. बोनेटवर हळदीकुंकवाचं स्वस्तिक, चाकांखाली लिंबं. वहिनीनं नारळ फोडला. माझ्या बायकोनं किल्ली ताटात ठेवली, तिलाही कुंकू लावलं आणि ताट दादापुढं धरलं.

“भावजी, तुमचा मान.”

दादानं किल्ली घ्यायच्या आधी माझ्याकडं बघितलं. मी एक वाक्य बोललो असतो तर भागलं असतं. खरं बोलायचीही गरज नव्हती. मला हौस आहे, मीच चालवतो, एवढं पुरलं असतं. बायको जरा रुसली असती, वहिनी म्हणाली असती की धाकट्याला आता पंख फुटले. मी म्हटलं, “घे की दादा.”

मी त्याच्या शेजारी, डाव्या बाजूला बसलो. मनात हिशेब केला होता की त्याचा डावा डोळा आता मी. बायका मागं बसल्या. शहरातून बाहेर पडेपर्यंत मी बोलत राहिलो. दादा, कडंला सायकल हाय. दादा, खड्डा. दादा, जरा उजवीकडं. फाट्यावरून वळून चढ लागला तशी मागून बायको म्हणाली, “अहो, भावजींना गाडी शिकवताय व्हय तुम्ही?” वहिनी हसली.

दादाचा चेहरा तांबडा झाला. “गप बस की आता,” तो मला म्हणाला. “का उतरून चालत येतोस?”

मी गप बसलो.

रविवार असल्यानं कडेनं माणसं चालत वर निघाली होती. एका वळणावर वरून एसटी आली. दादानं एसटीकडं तोंड वळवून गाडी डावीकडं घेतली. डावीकडं एक म्हातारा चालला होता, अनवाणी, पांढरा सदरा, खांद्यावर पिशवी. रस्त्याच्या अगदी कडेला, डांबर संपून माती लागते तिथं. तो मला स्वच्छ दिसला. एवढा मोठा माणूस दादाला दिसला असेल, मला वाटलं. आताच गप बस म्हणालाय, मला वाटलं. दोन श्वास गेले असतील. मग आवाज आला, आणि तो आवाज फार मोठाही नव्हता.

म्हाताऱ्याला आमच्याच गाडीत घालून कोल्हापूरला आणला. चालवत मी होतो. मागच्या सीटवर त्याचं डोकं वहिनीच्या मांडीवर होतं आणि तो सारखा पिशवीतला नारळ कुठं गेला ते विचारत होता. बायको आणि दादा मागाहून दुसऱ्याच्या गाडीतून आले.

दवाखान्यात पोलिसानं विचारलं, कसं झालं. दादाचा चेहरा राखेसारखा झाला होता. त्यानं तोंड उघडलं. तो काय बोलणार होता ते मला आजतागायत माहीत नाही. कदाचित खरं बोलला असता. पण आयुष्यात पहिल्यांदा मी दादाच्या आधी बोललो.

“म्हातारा एकदम मधी आला, साहेब.”

पोलिसानं लिहून घेतलं. मागं बसलेल्या बायकांनी काही बघितलं नव्हतं, त्या रडत होत्या. एसटी कधीच खाली निघून गेली होती. म्हाताऱ्याचा डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

दादानं त्यानंतर गाडीला हात लावला नाही असं लिहायला मला आवडलं असतं. महिनाभर लावला नाही. मग हळूहळू लावला. माळ्यावर मात्र तो परत आला नाही आणि आम्ही त्या दिवसाबद्दल कधी बोललो नाही. वहिनीला वाटतं, त्याला म्हाताऱ्याचं वाईट वाटून त्याचं जेवण कमी झालंय. ते खरंच आहे.

दोन महिन्यांनी मी एकटाच म्हाताऱ्याच्या घरी गेलो. दादाला चल म्हणायचं धाडस झालं नाही. वारणानगरच्या अलीकडं त्याचं गाव. साखर कारखान्यात पाळीवर काम करून निवृत्त झालेला माणूस, वर्षानुवर्षं रविवारी चालत डोंगरावर जाणारा. घराच्या पुढच्या सोप्यात खाटेवर बसला होता, मांडीवर चादर. मी फळांची पिशवी ठेवली. त्याच्या बायकोनं चहा आणला आणि माझ्यादेखत त्यालाच बोलायला लागली.

“सांगून दमले ह्यास्नी. कडंनं जावा, कडंनं जावा. पोरगाबी तेच म्हणतोय, आबा मधनंच चालत असणार. आता बसा खाटंवर.”

ती आत गेल्यावर तो माझ्याकडं वाकला. आवाज बारीक केला.

“पावणं, एक इचारू? मला आपलं वाटतंय, मी कडंनंच हुतो. पायाला माती लागत हुती माझ्या. पर घरात कुनी ऐकत न्हाय. तुमी म्होरं बसला हुता, तुमी बघितलंय. मी खरंच मधी आलतो?”

त्याला पैसे नको होते, तक्रार करायची नव्हती. एवढंच हवं होतं. सोप्यात आम्हा दोघांशिवाय कुणी नव्हतं. पोलीस नव्हता, दादा नव्हता.

“व्हय,” मी म्हटलं. “मधी आलता.”

त्यानं मांडीवरची चादर सारखी केली. मग मान हलवली.

“मग चुकलंच माझं. नव्या गाडीचा पयला दिवस, देवाला निघालासा, आन् मी आडवा आलो. थोरल्या भावास्नी सांगा, मनात राग ठिवू नगा म्हनावं म्हाताऱ्यावर.”

आणि त्यानं हात जोडले.

मी त्याचे हात धरून खाली केले आणि म्हटलं, “असू दे, आबा.”