वळणावर न झुकणारी गाडी

ओतूरहून सकाळी निघाले तेव्हा मागच्या सीटवर नवी उशी होती, आईची शाल होती, पाण्याची बाटली होती. फक्त आई नव्हती. तिला आणायलाच मी भाईंदरला चालले होते. पण त्याआधी तिथे गाडीचं एक काम करून घ्यायचं होतं. ते झाल्याशिवाय आई या गाडीत पाय ठेवणार नाही, अशी माझी पक्की समजूत होती.

आई माझ्याकडे राहते. म्हणजे राहत होती. मागच्या वर्षी गणपतीत आठ दिवसांसाठी म्हणून माझ्या धाकट्या बहिणीकडे, मंजूकडे गेली ती गेलीच. मी आणायला गेले की तिचं एकच पालुपद, "तुझ्या गाडीत मला घाटात लागते गं, शोभा. विलासला रजा मिळाली की तो सोडेल." विलास म्हणजे मंजूचा नवरा. त्याला रजा काही मिळत नाही. आणि आईला गाडी लागते हे अगदी खोटंही नव्हतं. एकदा पावसाळ्यात माळशेज घाटात तिचे इतके हाल झाले, की धबधब्याचे फोटो काढणारी मंडळी आमच्यापासून हळूहळू लांब सरकली.

पण हीच आई विलासच्या गाडीतून लोणावळ्याला जाऊन आली. म्हणे, खंडाळ्याच्या घाटात तिला गाढ झोप लागली. आणि विलासची गाडी कोणती, तर माझीच. तेच छोटं मॉडेल, रंगसुद्धा जवळजवळ तोच. मंजूने फोटो पाठवला तो मी बोटांनी मोठा करून पाहिला. आई गाडीला टेकून चिक्की खात होती. माझा नुसता जळफळाट झाला. शाळेत मी शिकवते त्या सातवीच्या वर्गाला त्या दिवशी विनाकारण बोलणी बसली.

कारण विलासनेच सांगितलं, तेही मी न विचारता. "ताई, गाडी तीच, पण माझी वळणावर झुकत नाही. आमच्या इथे हाटकेशच्या गॅरेजात खालचं सगळं काम करून घेतलंय. तुमची गाडी म्हणजे होडी आहे हो."

म्हणून भाईंदरला निघाले त्या सकाळी माळशेज घाट उतरताना मी मुद्दाम लक्ष दिलं. डावं वळण आलं की गाडीचं अंग उजवीकडे कलायचं, उजवं आलं की डावीकडे, आणि मागची उशी या खिडकीपासून त्या खिडकीपर्यंत घसरत जायची. विलासचं म्हणणं खरं होतं, याचा मला जास्त राग आला. मुरबाडला चहा आणि भजी घेतली. भजी थंड होती, पण मी ती रागाने संपवली. पुढे कल्याण, भिवंडी, ठाणे, आणि मग घोडबंदरच्या रस्त्यावर गायमुखच्या चढाला ट्रकांच्या मागे इतकी रखडले की वळणं मोजायची सवडच सवड मिळाली. खाडी दिसली, काशीमिरा आलं, तेव्हा दुपार टळून गेली होती.

हाटकेशमध्ये एका बाजूला उंच इमारती आणि दुसऱ्या बाजूला गाळ्यांच्या (लहान कारखान्यांच्या खोल्यांच्या) रांगा आहेत. एका गाळ्यात पिठाची चक्की बनवतात, शेजारी स्टीलची भांडी घासून चकचकीत करतात, आणि त्याच्या पुढे जिग्नेशभाईंचं गॅरेज. गळ्यात चष्मा, हातात कटिंग चहा, आणि बोलणं अखंड. गाडी वळणावर झुकू नये अशी कडक करून हवी, असं मी त्यांना सांगितलं.

"बोला मॅडम, रेसिंग करायची काय?"

"नाही. आईला घाटातून न्यायचंय."

त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "अरे, मग तर गाडी सॉफ्ट पाहिजे ना. लोक आईसाठी नरम करून मागतात, तुम्ही कडक मागताय."

"तिला खड्डे चालतात. वळणं चालत नाहीत."

"ये भी सही है," ते म्हणाले आणि गाडीच्या पुढच्या कोपऱ्यावर दोन्ही हातांनी जोर दिला. गाडी खाली गेली, वर आली, पुन्हा खाली गेली. "बघा, कशी झुलतेय. वळणावर बाहेरच्या बाजूची स्प्रिंग दबते, म्हणून गाडी त्या बाजूला लवंडते. आपण स्प्रिंग आखूड आणि कडक टाकू. शॉकअप (स्प्रिंगला झुलू न देणारे दांडे) गॅसचे टाकू. आणि पुढच्या दोन चाकांना जोडणारा हा जो बार आहे ना, तो जाड टाकू. मग गाडी वाकणार नाय, नुसती वळणार."

"विलास पाटलांच्या गाडीला टाकलंत तेच टाका," मी म्हणाले. मग राहवलं नाही. "त्यांच्यापेक्षा जाड बार मिळेल का?"

"विलासभाई तुमचे कोण?"

"धाकट्या बहिणीचे मिस्टर."

जिग्नेशभाईंनी माझ्याकडे नीट पाहिलं. "मग जाडच टाकू," ते म्हणाले, आणि गाडी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी न्यायला सांगितली.

रिक्षाने भाईंदर पश्चिमेला मंजूच्या घरी गेले. दार आईनेच उघडलं. तिने मंजूचा गाऊन घातला होता. ती माझ्याकडे असताना मी दोन गाऊन आणले होते. "या वयात काय शोभतंय का" म्हणून तिने ते कपाटात ठेवले, ते अजून तिथेच आहेत. चेहरा भरला होता. जेवायला वाकटीचं (पट्टीसारख्या लांब सुक्या माशाचं) कालवण होतं, तेही आईने केलेलं.

"तू कधीपासून वाकटी करायला लागलीस?"

"जानकीने शिकवलं," आई म्हणाली. "इथल्या मुर्धा गावची आहे. भाजी विकते. माझी रोजची बैठक तिच्याकडे."

ओतूरला मी आईला गॅसजवळ जाऊ देत नसे. तिच्यासाठी मी घरात वेगळी खोली काढली, पूर्वेची. न्हाणीघरात धरायला दांडे बसवले. सकाळी शाळेत जाताना तिचं जेवण झाकून ठेवत होते, दुपारी फोन करून गोळ्यांची आठवण देत होते. इथे ती दिवाणखान्यातल्या पलंगावर झोपते आणि शेजारच्या गुजराती बाई न विचारता आत येऊन तिच्याच पलंगावर बसतात. तरी तिची तक्रार नाही. कालवण उत्तम झालं होतं. मी दुसऱ्यांदा वाढून घेतलं, पण चांगलं झालंय असं म्हणाले नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी ताब्यात घेतली. ती दोन बोटं खाली बसली होती आणि कुठल्यातरी निश्चयाने उभी असल्यासारखी दिसत होती. हाटकेशच्या पहिल्याच कोपऱ्यावर फरक कळला. स्टिअरिंग फिरवलं आणि गाडी तशीच्या तशी वळली, कुठे कलणं नाही की डोलणं नाही. खड्डे मात्र आता सरळ पाठीच्या मणक्यापर्यंत येत होते. मंजूच्या इमारतीच्या फाटकात गतिरोधकावर पोट घासलं, कर्र असा मोठा आवाज झाला. नेमका विलास तिथेच उभा.

"माझ्यापेक्षा खाली बसवलीत की," वाकून चाकाकडे बघत तो म्हणाला. त्याच्या आवाजात किंचित हेवा होता. मला इतकं बरं वाटलं की घासल्याचं दुःख उरलं नाही.

निघायचं होतं त्याच्या आदल्या दिवशी सकाळी आईला म्हणाले, "इथल्या डोंगरी गावापर्यंत एक चक्कर मारून येऊ. तुला लागली नाही, तर उद्या ओतूर." आई साडी नेसून आली.

भाईंदर मागे पडलं की मुर्धा, राई, मोर्वा ही गावं एकामागून एक लागतात. रस्त्याला लागून कौलारू घरं, त्यांच्यामध्येच तीनमजली नवे बंगले, आणि पलीकडे मिठागरं. थंडीचे दिवस होते, मिठाचे छोटे ढीग उन्हात पांढरे चमकत होते. मग रस्ता डोंगराच्या कडेने चढायला आणि वळायला लागतो, आणि एका वळणावर अचानक समुद्र दिसतो.

मी वळणं नेहमीपेक्षा जरा वेगातच घेतली. आई पुढच्या सीटवर बसून हरभऱ्याचे घाटे सोलत होती. तिच्या मांडीवरची टरफलंसुद्धा घसरली नाहीत. एकामागून एक वळणं गेली आणि ती आपली बोलतच होती: गुजराती बाईंच्या सुनेचं डोहाळजेवण, लिफ्ट बंद पडली ती गोष्ट, कोणाचा कुत्रा कोणाला चावला.

"काय, ठीक ना?" मी विचारलं.

"काय ठीक?" ती म्हणाली. तिचं लक्षच नव्हतं. जिंकले, असं मनातल्या मनात विलासला म्हणाले.

परत येताना मुर्ध्यात आईने गाडी थांबवायला लावली. रस्त्याच्या कडेला गोणपाट अंथरून एक बाई वालाच्या शेंगा आणि मुळा घेऊन बसली होती. हीच जानकी. आई उतरून सरळ तिच्या शेजारी गोणपाटावर बसली, आणि मी पिशवी पुढे करून उभी राहिले.

"ही मोठी काय?" जानकीने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "मास्तरीण हाय ती?"

"आई रोज तुमच्याकडे भाजी घ्यायला येते म्हणे," मी म्हणाले.

"भाजी न्हाय घेत ती. बसायला येते. आनि माझ्या गिऱ्हाइकाला सांगते, मुळा जून हाय, घेऊ नका."

"जूनच होता परवाचा," आई म्हणाली.

"ऐकलंस? अशी भांडते." जानकीने शेंगा माझ्या पिशवीत टाकल्या. मग आईकडे न बघता तिने विचारलं, "उद्या नेतेस म्हनं हिला?"

"हो," मी म्हणाले.

"बरं हाय. लेकीचंच घर," जानकी म्हणाली आणि मुळ्यांवर पाणी शिंपडायला लागली. आई बराच वेळ उठली नाही. मला तिला दोनदा हाक मारावी लागली.

पुढे भाईंदरच्या तोंडाशी बसच्या मागे सगळं ठप्प झालं. मी इंजिन बंद केलं. पिशवीतल्या शेंगांचा वास गाडीभर झाला होता. मी खुशीतच होते. म्हणाले, "मग आई, उद्या सकाळी लवकर निघू. घाटाचा प्रश्नच मिटला आता."

आई समोरच्या बसकडे बघत राहिली. मग तिने पदर तोंडाला लावला.

"शोभा, मला मळमळतंय गं."

गाडी उभी होती. एक चाकसुद्धा हलत नव्हतं. रस्ता सरळ होता. मी तिच्याकडे वळून पाहिलं. चेहऱ्यावर घाम नव्हता, गाल सकाळच्या उन्हाने लालसर झाले होते, आणि पदराच्या वर तिचे डोळे माझ्याकडेच लागले होते. त्यात भीती होती. मला रागावून म्हणावंसं वाटलं, आई, गाडी उभी आहे. शब्द अगदी ओठांवर आले होते. पण मला तिचं म्हणणं कळलं होतं. जिने आपल्यासाठी भिंतीला दांडे बसवले, उशी आणली, गाडीच्या स्प्रिंगा बदलल्या, त्या मुलीला "मला तुझ्याकडे यायचं नाही" असं कुठली आई सांगेल? तिच्याकडे एकच सबब होती, आणि मी इतकी मेहनत घेऊन ती मोडून काढली होती.

"काच खाली करू?" मी विचारलं.

"कर," ती म्हणाली.

घरी पोचलो तेव्हा विलास आणि मंजू दोघं वाटच बघत होते. "काय ताई, झाली का ट्रायल?"

आई वाकून चपलेचा पट्टा सोडवत होती. त्या पट्ट्याला तिला फार वेळ लागत होता.

"नाही जमलं," मी म्हणाले. "डोंगरीच्या वळणावर लागली तिला."

"तरी मला वाटलंच," विलास म्हणाला. "जाड बार टाकून उपयोग नसतो, ताई. बॅलन्स पाहिजे. माझ्या गाडीत एकदा तरी लागली का त्यांना?"

"खरंच," मंजू म्हणाली. "यांच्या गाडीत आई बाळासारखी झोपते."

मला सांगता आलं असतं, की हरभरे सोलत होती ती, टरफलंसुद्धा सांडली नाहीत. जीभ नुसती शिवशिवत होती. मी उठून पाणी प्यायले. आईने चहा केला आणि पहिला कप मला दिला, साखर बरोबर माझ्या मापाची.

दुसऱ्या दिवशी एकटीच परत निघाले. माळशेजच्या चढाला गाडी अशी काही चालली की आमटीची वाटी ठेवली असती तरी हिंदकळली नसती. प्रत्येक वळण गाडी अलगद कापत होती, आणि प्रत्येक वळणाला मला आनंद होत होता, आणि त्या आनंदाचा रागही येत होता. मत्सर काही घाटात उतरून गेला नव्हता. उलट वाढलाच होता. आधी एकट्या मंजूचा हेवा वाटायचा, आता त्या गोणपाटावरच्या बाईचाही वाटायला लागला, जिला माझी आई रोज मुळ्यावरून बोलू शकते. माझ्याशी तिने मुळ्यावरून तर सोडाच, कशावरूनही भांडण केल्याचं मला आठवेना. माझ्या घरी ती पाहुण्यासारखी वागत होती, आणि मी ते गुणी वागणं समजत होते. गाडीतून प्रवास करताना माणूस रस्त्याकडे बघतो असं म्हणतात. मी त्या दिवशी बराच वेळ माझ्या घराकडे बघत होते.

घाट संपवून वर सपाटीला आले तेव्हा फोन वाजला. बाजूला घेऊन थांबले. आईच होती.

"पोचलीस का वर?"

"आत्ताच घाट संपला."

"कशी चालली गाडी?"

"डोलली फार," मी म्हणाले.

आई म्हणाली, "मग एवढ्यावर सोडू नकोस. परत घेऊन ये, दाखव त्या गॅरेजवाल्याला. आलीस की पळायचं नाही, चार दिवस राहायचं." आणि जरा थांबून तिने विचारलं, "कधी आणशील?"

"पुढच्या शनिवारी," मी म्हणाले.