ऋतुजाच्या पारितोषिकाचा फ्लेक्स

आमच्या ऋतुजाला शुद्ध गणितात विद्यापीठाचं पारितोषिक मिळालं आणि त्याबद्दल साताऱ्यात, आमच्या चौकात, माझा सत्कार झाला. (हसू नका. संताप अजून उतरलेला नाही!)

शुद्ध गणित म्हणजे काय, ते मला विचारू नका. लेकीनं एकदा समजावून सांगितलं, तेव्हा मी पहाऱ्यावरच्या जवानासारखा डोळे उघडे ठेवून बसलो, एवढंच. पण पोरगी विद्यापीठात पहिली आली होती! अख्ख्या चौकानं तिचा चेहरा पाहावा, एवढीच या निवृत्त सुभेदाराची इच्छा. पारितोषिक घेऊन ती संध्याकाळच्या एसटीनं येणार, म्हणून सकाळीच बबलू फ्लेक्सवाल्याला बजावलं, "मधोमध पोरीचा फोटो. मोठा!"

झालं! बातमी फुटली. आधी सांगलीहून मेहुण्याचा फोन. "दाजी, भाचीच्या फ्लेक्सवर मामा न्हाई? मी सांगलीत तोंड कसं दावू?" टाकला मामा. मग थोरले बंधू दारात. "मी काय मेलोय व्हय रं?" टाकले बंधू. मग बंधूंचे व्याही (यांनी ऋतुजाला फक्त बारशात पाहिलेलं!), मग नगरसेवक, मग नगरसेवकामागे कायम उभा असणारा तो गॉगलवाला, ज्याचं नाव आजही कुणाला ठाऊक नाही! थोरले बंधू तर दहावीला गणितातच अडकलेले. ते आता 'मार्गदर्शक' म्हणून हात जोडून उभे!

दुपारी बबलूचा फोन. "सुभेदारसाहेब, जागा संपली. एक फोटो काढायला लागतोय. कुणाचा काढू?"

"पावण्यांना दुखवायचं न्हाई," मी ठणकावलं. "घरातलंच कुणीतरी काढ. घरचं माणूस समजून घेतंय."

फ्लेक्सवरचा माझाच फोटो निघणार, म्हणून मी मन घट्ट केलं.

संध्याकाळी फ्लेक्स चढला. 'शुद्ध गणितात विद्यापीठात प्रथम! हार्दिक अभिनंदन!' मधोमध मी. गणवेशात, मिशांसकट! खाली हात जोडलेली सगळी फौज. आणि ऋतुजा? तिचा फोटोच काढलेला! नाव फोटोखाली होतं, तेही फोटोबरोबर गेलं.

बबलूची मानगूट धरायला निघालो, तोवर हलगी कडाडली आणि कुणीतरी माझ्याच गळ्यात हार घातला.

"आवं सुभेदार, ह्या वयात गणित! लय भारी!"

"आरं मी न्हवं, पोरगी—"

"लाजताय कशाला?" पुढचं बोलायला तोंड उघडलं, तर तोंडात गुलाल!

तेवढ्यात ऋतुजा स्टँडवरून आली. तिनं फ्लेक्स वाचला. हार घातलेल्या बापाकडं पाहिलं. "अभिनंदन, आप्पा," म्हणाली आणि खाली मान घालून घरी गेली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी बबलूनं शटर उघडायच्या आत मी त्याच्या दारात. "फ्लेक्सवर एकटी ऋतुजा! मामा न्हाई, काका न्हाई, गॉगल न्हाई. कुणाचीबी भीड धरायची न्हाई!"

दुपारी नवा फ्लेक्स लागला. एकटी ऋतुजा, हातात पारितोषिक, चौकाच्या त्या टोकावरनंही ओळखू येईल एवढी. खाली उभी राहून पोरगी खळखळून हसली आणि माझे डोळे भरून आले. मेहुणा रुसला, बंधू रुसले. रुसू देत! लेकीच्या कौतुकात यांना स्वतःची थोबाडं कशाला हवीत?

मग जरा बाजूला जाऊन मी हळूच बबलूला फोन लावला.

"आरं ए, कोपऱ्यात एवढी जागा मोकळी सोडलीस. तिथं पोरीच्या बापाचा एक बारका फोटो टाकला असतास, तर काय बिघडलं असतं रं?"