हळदीकुंकवाचं बोलावणं

पातूरकडच्या त्या विधवेचं प्रकरण अजून माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या रोज येत, ती वर्षं. मागे राहिलेल्या बायकोचं नाव, गाव, सगळं छापून यायचं. हिचंही आलं होतं.

एक दिवस तिचा दीर तिला घेऊन आमच्या पोलीस ठाण्यात आला. तिचा मोबाईल टेबलावर आपटून म्हणाला, "सायेब, वहिनी कोनाशी तरी बोलून राहिली. समजावा तिले." तक्रार आणणाऱ्यावरच आधी नजर ठेवायची, ही माझी खोड. हा गडी जरा जास्तच तावात होता. त्याचाही फोन काढून घेतला आणि त्याला समोर बाकावर बसवलं.

आमच्या महिला हवालदाराने बाईला आत नेलं, तेव्हा ती बोलली. फेसबुकवर तिला एक 'ताई' भेटली होती. संक्रांतीला गावात हिला कोणी हळदीकुंकवाला बोलावलं नाही, त्या ताईने बोलावलं. बाई विरघळली. पुढे ताईने गोड बोलून नको तसा फोटो मागून घेतला. आता धमकी होती: परतवाड्याला ये, नाहीतर फोटो गावभर.

"फोटो गावात गेला त मी जीव ठेवत नाही," ती म्हणाली.

तेवढ्यात तिचा मोबाईल वाजला. ताईचाच मेसेज, 'येतेस की नाही?' दीर समोर बसलेला, त्याचा फोन माझ्या ताब्यात. म्हणजे यामागे हा नव्हे.

तिच्या नावाने होकार आम्हीच कळवला. परतवाडा आमच्या हद्दीबाहेर, अमरावती जिल्ह्यात, म्हणून तिथल्या ठाण्याला सोबत घेतलं. स्टँडवर आमची महिला हवालदार त्या विधवेचा मोबाईल घेऊन, तोंडावर पदर ओढून उभी राहिली. एक सभ्य दिसणारा माणूस जवळ आला. "ताईनं पाठवलं. जीपमधी बसा." तिने पदराआडून मेसेज टाकला, 'ताई, मी आली.' वाजला त्याच्याच खिशातला फोन. जागीच धरला, मोबाईल पंचांसमक्ष सील केला.

चौकशीत म्हणतो कसा, "पेपरातून नावं घ्यायचो. कोनी बोलत नव्हतं त्यायच्याशी, म्या बोललो." असा संताप आला, की मी खोलीबाहेर निघून गेलो. हरामखोर, पण एवढं एक खरं बोलला होता. अशा माणसाला सावज शोधत फिरावं लागत नाही. आपणच कोणाला तरी एकटं पाडून ठेवतो, आणि मग फोनला दोष देतो.

बाईला बोलावून सांगितलं, "फोटो कुठंही गेला नाही. घाबरू नका आता."

तिने मान हलवली. मग म्हणाली, "म्हंजे सायेब, ताई नव्हतीच?"

मी नाही म्हटलं. तेव्हा कुठे ती रडली.