न दिसणारा नावाडी

सिस्टरबाईंचा कुलर बंद पडला की त्या आधी देवाला सांगत, मग मेकॅनिकला. "प्रभू, मोटर चालू कर बाबा, लेकरं शिजून राह्यले." मोटर ढिम्म. "ऐकलं त्यानं. तवरोक पुठ्ठ्यानं हवा घ्या," म्हणत त्या जुन्या वह्यांचे पुठ्ठे वाटायच्या.

अकोल्यात आमच्या गल्लीच्या टोकाला त्या राहत. मिशनच्या दवाखान्यातून रिटायर झालेल्या नर्स. रविवारी चर्चहून आल्या की दुपारी आम्हा पोरांना एक जाड पुस्तक वाचून दाखवत. त्यातली छोटी मुलगी सात नद्या ओलांडून राजाच्या गावाला निघालेली. प्रत्येक नदीवर तिच्यासाठी नाव थांबलेली असे. वल्ही हलत, नावाडी दिसत नसे. मी बौद्धांच्या घरची. भीत भीत विचारलं, "बाई, तो तुमचा येशूच ना?"

"मले काय माहीत? त्यानं नाव सांगतलं नाई, तं मी कावून सांगू?"

पण शेवटी तो दिसणार, याची त्यांना खात्री होती. पुढची पानं मात्र कधी चाळायच्या नाहीत.

आठवीनंतर माझी शाळा सुटली. लाजेनं मी रविवारीही जाईना. बाईच दारात आल्या. "माह्या डोळ्यात मोतीबिंदू हाये. आता तू वाच." मी अडखळले की पोरं हसत. "हसाचं असन त्यानं घरी जावं. हिच्या हळू वाचण्यानं गोष्ट जास्त दिवस पुरते."

पुढे कोईम्बतूरला सूतगिरणीत काम लागलं. पुस्तक बाईंनीच माझ्या पिशवीत कोंबलं. रविवारी फोनवर वाचायचं ठरलं. गाडीत जीव थाऱ्यावर नव्हता, म्हणून मी शेवटचं पान उघडलं. मुलगी पोचते. नावाडी दिसतच नाही.

तेव्हापासून प्रत्येक रविवार धाकधुकीत गेला. बाईंचं मन मोडेल. एक ओळ आपणच घालावी, तो दिसला आणि हसला, एवढीच. त्यांना कुठं कळणार होतं? ती ओळ पाठही केली. वेळ आली तेव्हा जीभ वळली नाही. होतं तेच वाचलं.

"नाही दिसला, बाई."

बाईंनी विचारलं, "पोरीचे पाय कोरडे हायेत ना?"

"आहेत."

"मंग झालं तं. पोरीले पाहून राह्यला असन तो. सोताले दाखवाची यादच नसन राह्यली त्याले." आणि लगेच, "पुढच्या इतवारी पयल्यापासून लाव."

दुसऱ्यांदा आम्ही चौथ्या नदीपर्यंत आलो आणि बाई गेल्या. मला रजा मिळाली नाही. त्या रविवारी गिरणीच्या हॉस्टेलच्या खोलीत मी पाचवी नदी मोठ्यानं वाचली, नेहमीसारखी हळू. खोलीतल्या तमिळ पोरी, एक शब्द कळत नसताना, शेवटपर्यंत ऐकत बसल्या.