दोऱ्याने बांधलेलं गवत

लपण म्हणजे मातकट कापडाचा एक चौकोनी डबा. आत स्टूल, तिपाई, कॅमेरा आणि मी. पाय लांब करता येत नाहीत, पाठ सरळ केली की डोकं छताला लागतं. लेन्स तेवढी भोकातून बाहेर. बडोद्याच्या बाहेर, पादरा गावाकडच्या पडीक रानात, ऐन मे महिन्यात मी त्या डब्यात बसले होते. समोर जमिनीवर चंडोलाचं घरटं होतं, त्यात पिल्लं.

लपणात शिरायची एक रीत आहे. दोघांनी चालत यायचं, एकाने आत बसायचं आणि दुसऱ्याने मोठ्याने बोलत निघून जायचं. पक्ष्याला माणसं मोजता येत नाहीत. माणूस गेला, एवढंच त्याला दिसतं. मग तो दुसरा न्यायला येईपर्यंत आतल्याने बाहेर पडायचं नाही.

ही रीत मला काकांनी शिकवली, आणि आज पहाटे मला आत बसवून मोठ्याने बोलत गेले तेही काकाच. काका म्हणजे बाबांचे प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमधले जुने सोबती. कामगारांच्या मागण्यांची पत्रकं आमच्या स्वयंपाकघरात लिहिली जायची, काका ती वाटायचे. शाळेच्या पुस्तकाआधी मी ती पत्रकं वाचली. ज्याला बोलता येत नाही त्याच्या बाजूने उभं राहायचं, हे मला कुणी समजावलं नाही. घड्या घालता घालता ते अंगात भिनलं. गेल्या हिवाळ्यात आमच्या पक्षीमंडळाच्या प्रदर्शनाचं पत्रक मी लिहिलं : घरट्याला हात लावून काढलेला फोटो हा चोरीचा माल आहे. कारेलीबागेत क्लास सुटायच्या वेळी काकांनीच ते पोरांच्या हातात दिलं होतं.

सकाळी ऊन तिरपं होतं तोवर काही जाणवलं नाही. सूर्य वर आला आणि घरट्यावर सावलीच नाही असं दिसलं. चंडोल गवताच्या झुबक्याखाली घरटं करतो. काकांनी आदल्या दिवशी फोनवर दाखवलेल्या फोटोत हा झुबका घरट्यावर ओणवा होता, आता तो एका बाजूला कललेला होता. मी लेन्स तिकडे वळवली. गवताच्या कमरेला हिरवा दोरा होता, दुसरं टोक खुंटीला.

मादी लांब एका ढेकळावर बसली होती. चोचीत किडा. ती थोडी पुढे यायची, बदललेल्या जागेकडे बघून पुन्हा मागे फिरायची. पिल्लं आधी चोची वासून माना वर करत होती. नंतर चोची उघड्याच राहिल्या, माना मात्र खाली गेल्या.

मी काकांना फोन लावला. कुजबुजत विचारलं, "गवत तुम्ही बांधलंत?"

"अगं, समोर येत होतं ना! संध्याकाळी सोडतो. गवताला काय कळतंय?"

"काका, पिल्लं भाजतायत."

"शांती राख बेटा. येईल ती. मी सगळ्यांना सांगून ठेवलंय, यंदाच्या प्रदर्शनात चंडोलाचा फोटो आपल्या पोरीचाच लागणार."

"तुम्ही या, आत्ता."

"नाक्यावर आहे, स्कूटरला पंक्चर. आणि ऐक, मधेच बाहेर आलीस आणि तिने घरटं टाकलं, तर ते पाप तुझ्या डोक्यावर हं."

फोन बंद झाला. कापडाच्या आत हवा हलत नव्हती. काका खोटं बोलत नव्हते. असं घाबरून पक्षी घरटं सोडून जातात. बाहेर पडले तर मादी जाईल, आत बसले तर पिल्लं जातील. आणि मी आत शहाण्यासारखी गप्प बसून होते, बोट शटरवर. नियम पाळणारं माणूस किती सहज नियमामागे लपतं! मोर्चाच्या दिवशी साहेबांची नोटीस वाचून घरी बसणाऱ्यांना आमच्या पत्रकांत जे शब्द असायचे, ते सगळे मला आठवले.

मी लपणाची चेन उघडली.

मादी उडाली, दिसेनाशी झाली. मी दोरा सोडून खिशात घातला. गवत लगेच उभं राहिलं नाही, त्याला बाक पडला होता. हाताने मागे झुकवलं, मुळाशी ढेकूळ लावलं, तेव्हा घरट्यावर फाटकी सावली आली. पिल्लांना मी शिवले नाही. कॅमेरा घ्यायला परत लपणात शिरले असते तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. म्हणून तो तिथेच सोडून मी उघड्या रानातून, तिला दिसेल अशी, दूरच्या बाभळीपर्यंत चालत गेले.

तिथून घरटं दिसत नव्हतं, फक्त झुबका. बाभळीखाली उभी राहून मी रिकाम्या रानाकडे बघत राहिले. ती परत येईपर्यंत पाय उचलायची सोय नव्हती. बऱ्याच वेळाने ती उतरली, घरट्यापासून चांगली लांब. मग चालत, थबकत, पुन्हा चालत गवताखाली गेली आणि बाहेर आली तेव्हा गळ्यातल्या दुर्बिणीतून दिसलं, चोच रिकामी होती.

काका घामाघूम होऊन बाभळीशी आले.

"कॅमेरा कुठाय?"

"आत."

"आणि तू बाहेर! फोटो?"

"नाही."

"पत्रकवाल्याची पोर ती पत्रकवाल्याचीच!" ते लपणाकडे निघाले. मी त्यांचा सदरा धरला.

"ती येऊन गेली, काका. पुन्हा येईल. ऊन उतरेपर्यंत तिकडे कुणी जायचं नाही."

"मग मी काय इथे काट्यांत बसू?"

"बसा."

त्यांनी दोरा मागितला. मी दिला नाही. ते कुरकुरत खाली बसले, माझ्याकडे पाठ करून, त्या एवढ्याशा सावलीत.