स्वतःला नालायक म्हणायची रीत

"तुझ्या हातची भाकर घेतील व्हय रं लोक?"

सर हसत म्हणाले. रविवारची उपासना नुकतीच संपली होती. पाळकसाहेबांच्या खोलीत आम्ही तिघंच.

सर निवृत्त हेडमास्तर. आमच्या चर्चमधले जुने वडील. कारभार बघणाऱ्यांना आमच्यात वडील म्हणतात. प्रभुभोजनाची भाकर बाकाबाकांवर तेच फिरवतात. वडिलांच्या एका रिकाम्या जागेची निवडणूक पुढच्या रविवारी होती; तिच्यासाठी काही बायकांनी माझं नाव सुचवलं होतं.

"शिक्षण किती?"

"सातवी, सर."

"आनि बाप्तिस्म्याच्या आधी तुम्ही कोन?"

मी जात सांगितली. देवाच्या घरात. मान खाली घालून.

"माझ्या मनात काय न्हाय बघा, पाळकसाहेब. लोकांचं म्हंतोय मी."

वडील निर्दोष असावा, पाहुणचार करणारा असावा, दारुडा नसावा. बायबलात पौलानं तीमथ्याला तसं लिहिलंय. पाळकसाहेबांनीच आम्हाला शिकवलं होतं. त्यात शाळा नव्हती, जात नव्हती. ते मात्र म्हणाले, "नम्र माणूस आपणच उठून सांगतो, मी या सेवेला लायक नाही. पुढच्या रविवारी तू तसं म्हण. शोभून दिसेल."

आमच्यात ही रीतच पडलीय. मोठ्यांना नको असलेला माणूस स्वतः उठतो, स्वतःला नालायक म्हणतो. सगळे आमेन म्हणतात.

मी "बरं" म्हणालो. वर आभारही मानले.

उपकार होतेच. हिंगोलीकडून आलो, फौंड्रीत लागलो आणि कावीळ झाली. कामावरून काढलं. याच मंडळीनं आवारातली खोली दिली, पेज पाजली. खोटं कसं बोलू? आजही त्याच खोलीत राहतो. ती गेली तर कुठं जायचं, ही धास्ती कायमची.

आठवडाभर ते वाक्य घोकलं. आणि दर वेळी मध्ये सरांची आई यायची.

म्हातारी मागच्या पावसाळ्यात सरकारी दवाखान्यात वारली. घरच्यांना सवड नसायची, मी बसायचो. तिला दिसत नव्हतं. चमचा ओठाला लागला की विचारायची, "कोन हाय रं?"

"मी, आज्जी. मीच."

तेवढ्यावर तोंड उघडायची. पुढं कधी काही विचारलं नाही. शेवटचा घास माझ्याच हातचा.

आता दुसऱ्या फौंड्रीत कामाला होतो; तिथल्या भट्टीच्या आवाजातही ती विचारायची. कोन हाय रं? मी घोकत असायचो, लायक नाही, लायक नाही. हे तिला सांगू? वाटायचं, तिचे ओठ मिटतायत. माझ्याच शब्दांनी.

रविवार आला. पाळकसाहेबांनी नाव घेतलं. उठलो.

"मी नाव मागं घेत नाही."

मी बाकातून पुढं येऊन उभा राहिलो.

"नालायक ठरवायचं असेल तर मंडळीनं ठरवावं. हात वर करून. माझ्याकडं बघून."

"खाली बसा की, पावणं!" मागून कुणीतरी ओरडलं. सरांनी गीतांच्या पुस्तकातून मान वर केली नाही. हातही कुणाचा वर गेला नाही. पाळकसाहेबांनी निवडणूक पुढं ढकलली.

खोली सोडायला सांगतील. सोडीन. केलेले उपकार विसरणार नाही. पण त्यांची फेड म्हणून माझ्याच तोंडून माझा अपमान आता कुणाला मिळणार नाही. पुढच्या निवडणुकीतही माझं नाव असेल.