व्याह्याच्या भिंतीवरची काच

माझी शाळा दुसरीत सुटली. मास्तरांनी काढलं नाही, मीच सोडली. मेंढरं खाली चाऱ्याला निघाली होती आणि मला त्यांच्यामागं जायचं होतं. तरी हे मी माझ्या हातानं लिहितो आहे. दुसऱ्याला सांगून लिहून घेतलं तर लिहिणारा मधेच सबुरीचे चार शब्द घालतो. मला या गोष्टीत सबुरी नको आहे.

थोरली मुलगी सांगलीत दिली. व्याह्याचं पत्रे, नळ, सिमेंट असल्या सामानाचं मोठं दुकान. त्याचा आजा आणि माझा आजा म्हसवडच्या अलीकडं एकाच माळावर मेंढरं बसवायचे, ही गोष्ट आमच्या भागात कुणीही सांगेल. पण सांगलीत व्याही सांगायचा, आमी मूळचे व्यापारी. सांगू दे, माझं काय जात होतं. पोरगी सुखात होती.

लग्नात मी व्याह्याच्या खांद्यावर घोंगडं टाकलं. आमच्याच काळ्या मेंढरांची लोकर, सूत माझ्या आईनं काढलेलं. तवा तिला दिसत नव्हतं, बोटांनी चाचपून सूत काढायची. घोंगडं विणून आलं तसा तिनं कोपऱ्यात लाल दोऱ्याची गाठ मारली. त्यानंतर तिनं दुसरं सूत काढलं नाही. दोन पावसाळ्यात गेली.

पुढं मलकापुरात व्याह्याच्या पाहुण्यात लग्न निघालं. व्याह्याच्या सुनेचा बाप म्हणून मला मानाचा आहेर ठेवला होता. फेटा बांधला, नारळ दिला आणि खांद्यावर घोंगडं टाकलं. हात लावल्याबरोबर मला कळलं, तरी मी कोपरा बघितला. लाल गाठ होती. देणारा बिचारा भोळा. म्हणाला, सांगलीच्या मामांनी आमच्या वास्तूला दिलं होतं, आमच्यात कोण वापरतंय, मामाच म्हणाले ह्ये तिकडच्या माणसांनाच शोभतं. चार माणसं हसली. हा मामा म्हणजे माझा व्याही, तो मांडवातच होता. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि पानाला चुना लावायला घेतला.

पंगतीला बसलो, पोटभर जेवलो, जिलबी मागून घेतली. घोंगडं खांद्यावर घेऊनच यष्टीत चढलो. पण त्या दिवशीच ठरवलं, मी असा आहेर देणार की तो ह्या माणसाला कुणाला देता येणार नाही, ठेवता येणार नाही आणि टाकताही येणार नाही. असली वस्तू कुठं मिळते हे मला माहीत नव्हतं. बायको म्हणाली, भांड्यावर नाव घालून द्या. पण भांड्यावरचं नाव पॉलिशवाला घासून काढतो आणि दुसरं घालून देतो. असली भांडी आमच्याच घरात होती.

पाऊस दगा देत होता, मेंढरं कमी केली होती, म्हणून मी शिरवळला एका कारखान्यात वॉचमन लागलो. तिथं मीटरच्या काचा व्हायच्या, वर आकडे आणि रेघा असलेल्या. आधी ते काम रंगानं व्हायचं. नव्वद साल उलटून बरीच वर्षं झाली होती, तवा परदेशातून एक मशीन आलं. लेसरचं. क्रेननं उतरवलं, पूजा झाली, नारळ मीच फोडला. लोखंडी पेटी, वर झाकण, शेजारी कॉम्प्युटर. आत पट्ट्यावर एक डोकं इकडून तिकडं पळायचं आणि त्याच्या खाली काचेवर आपोआप अक्षर उठायचं. छिन्नी नाही, हिरा नाही, ॲसिड नाही. नुसता उजेड, आणि तोही डोळ्याला न दिसणारा. काचेला लागला की बारीक ठिणगी दिसायची आणि चुलीत मीठ पडावं तसा तडतड आवाज यायचा.

ते मशीन चालवणारा ऑपरेटर मिरजेच्या पलीकडचा, बोलण्यात कानडी हेल. मी त्याला विचारलं, हे अक्षर पुसलं तर? तो म्हणाला, "पुसायला त्यो रंग न्हाई की वो मामा. काचंचं कातडंच उडालेलं असतंय. घासायला गेलं तर काच जाईल, अक्षर न्हाई जायाचं."

त्या दिवशी ड्यूटी संपली तरी मी तिथंच उभा राहिलो. देव कुठं भेटेल ते सांगता येत नाही.

व्याही सांगलीत बंगला बांधत होता. वास्तुशांत दिवाळीच्या आधी होती. मी ऑपरेटरला सगळं खरं सांगितलं, घोंगड्यासकट. तो हसला, मग स्टूल ओढून माझ्याजवळ बसला. त्याच्याही घरात असलाच कुणी व्याही असावा. साहेबांना विचारून तो म्हणाला, मोठ्या काचेवर चित्र कसं उठतं हे आम्हाला करून बघायचंच आहे, तुमच्या देवाचं करू. त्याच्या बदल्यात मी जत्रेला पाळीतल्या सगळ्या कामगारांना बकऱ्याचं जेवण घालीन असं बोललो आणि घातलंही.

नुसतं नाव घातलं तर व्याही काच फोडेल, एवढं मला कळत होतं. म्हणून वर देव पाहिजे. घरातली सिद्धनाथाची, आमच्या आणि व्याह्याच्याही कुळदेवाची तसबीर मी पिशवीतून शिरवळला नेली, घोड्यावर बसलेला देव. घोड्याच्या पायाशी मला मेंढरं पाहिजे होती. ती तसबिरीत नव्हती, ती मी कागदावर काढली. मेंढरू मला कुणी शिकवायला नको. आणि खाली मजकूर. ऑपरेटर म्हणाला कॉम्प्युटरात छान अक्षरं आहेत. मी म्हणालो, माझंच अक्षर घाल. वाकडं आहे तर वाकडं. ओळखू यायला पाहिजे. व्याह्याचं पूर्ण नाव, माझं पूर्ण नाव, दोघांच्या वाड्या, आणि त्याखाली, दोघांचेही वाडवडील याच देवाच्या माळावर मेंढरं राखत. हे लिहायला मला दोन पाळ्या लागल्या.

पहिली काच फुटली. मशीनचा जोर जास्त झाला आणि घोड्याच्या मानेपासून कोपऱ्यापर्यंत चीर गेली. ऑपरेटरला वाटलं मी अपशकुन म्हणीन. मी म्हणालो, दुसरी लाव. मग त्यानं जोर कमी केला, काचेवर साबणाच्या पाण्यात भिजवलेला कागद चिकटवला, म्हणजे उष्णता एका जागी साठत नाही. डोकं सावकाश फिरायला लागलं. आधी देवाचा फेटा उठला, मग घोड्याचे कान, मग मेंढरं. कागद धुऊन काढला तेव्हा काच पांढऱ्या रेघांनी भरली होती, बोट फिरवलं की खरखर लागायची. काचेच्या वरच्या कडेची कमान त्यानं लेसरनंच कापली. रेघेवर काच तापवायची आणि लगेच गार हवा सोडायची, की बरोबर रेघेवर उकलते. कडा पॉलिश करून दिली. साहेबसुद्धा येऊन बघून गेले.

मुलगी माहेरी आली तवा तिनं घरी आणून ठेवलेली काच बघितली. मजकूर वाचला. ती पाचवी शिकलेली, भराभर वाचते. म्हणाली, "आबा, मला त्या घरात राह्याचं हाय."

मी म्हणालो, भांडायला चाललो नाही, आहेर करायला चाललोय. तिनं काचेवर गोणपाट ओढलं. बापाला ओळखत होती.

वास्तुशांतीला गोणपाटात आणि गवतात बांधून काच यष्टीच्या टपावरून नेली नाही, मांडीवर नेली. वाडी ते सांगली. मांड्या सुन्न झाल्या, पण खाली ठेवली नाही. पूजा उरकेपर्यंत मी मागं बसून राहिलो. बँकेचे साहेब, डॉक्टर, पेठेतले व्यापारी हॉलमध्ये बसले आणि पंगतीला अजून वेळ होता, तवा उठलो. गोणपाट सोडलं. काच खिडकीत टेकवली. मागून ऊन आलं आणि देव घोड्यासकट पेटल्यासारखा उजळला. बायकांनी हात जोडले. बँकेच्या साहेबांनी चष्मा लावून खालचा मजकूर मोठ्यानं वाचला, शेवटच्या ओळीसकट. वाचून झाल्यावर त्यांनी व्याह्याकडं बघितलं. सरळ मनानं म्हणाले, अरे वा, तुम्ही कधी बोलला नाहीत.

व्याह्याच्या कपाळावर घाम आला होता. पंखा चालू होता. तो म्हणाला, "छान आहे. फार खर्चात पडलात, पाहुणे."

"घरचंच हाय," मी म्हणालो.

पुढचं मला नंतर कळलं. पाहुणे गेल्यावर व्याह्यानं काच माळ्यावर टाकायला सांगितली. विहीणबाई आडव्या आल्या. बाई म्हसवडच्या पलीकडची, सासरी आल्यापासून कुळाचा देव भिंतीवर बघायला तरसलेली. व्याह्यानं घरात सगळे देव लावले होते, हा सोडून. तिनं काच हॉलमध्ये लावायला लावली. व्याह्यानं ती उलटी लावली, अक्षर वाचू नये म्हणून. पण काच दोन्ही अंगांनी दिसते. देवाचा घोडा उलटा पळायला लागला तशी बाईनं घर डोक्यावर घेतलं. शेवटी सुलटी लागली. मग तो काचवाल्याला घेऊन आला, खालचा मजकूर तेवढा घासून द्या म्हणाला. काचवाल्यानं बोट फिरवून बघितलं. म्हणाला, घासली तर तिथं काच पातळ होईल, भार येऊन देवातनं चीर जाईल, मी देवाच्या अंगावर हात टाकत नाही. कुणाला देऊन टाकावी तर दोन्ही नावं अशी ठळक, की वाटेवरच्या माणसालाही कळावं कुणी कुणाला दिली.

व्याह्यानं मग त्याच्या हातात होतं तेवढं केलं. दिवाळीला माझी पोरगी धाडली नाही. भाऊबीजेला माझा मुलगा जाऊन हात हलवत परत आला. बायको म्हणाली, "तुमच्या काचंपायी माझी लेक अडकली. जावा, पाय धरा त्याचं." मी गेलो नाही. ती संक्रांतीपर्यंत माझ्याशी नीट बोलली नाही, भाकरी वाढायची आणि उठून जायची. मी खायचो. मला वाईट वाटत नव्हतं असं नाही. पण पाय धरले असते तर आईचं घोंगडं दुसऱ्यांदा परत आलं असतं.

पोरगी आली ती चैत्रात, गावच्या जत्रेला, विहीणबाईंबरोबर. जावईबापूंनीच आणून सोडली. रात्री जेवताना तिनं सांगितलं, आता दर रविवारी काचेची पूजा होते, विहीणबाईंचा नेम आहे. घरातल्या सगळ्यांनी नमस्कार करायचा, मामंजींनीपण. काच भिंतीवर खाली लावलीय, विहीणबाईंचा हात पोचावा म्हणून. त्यामुळं वाकायला लागतं. आणि वाकलं की तोंडासमोर देव येत नाही, खालची अक्षरं येतात.

हे मी योजलेलं नव्हतं. माझं डोकं तेवढं चालत नाही. ऐकलं आणि मी ताटावरनं उठून अंगणात जाऊन आलो.

त्याच महिन्यात एका रविवारी मी सांगलीला गेलो. न सांगता. विहीणबाईंनी खुर्ची दिली, बरोबर काचेच्या समोर. व्याही अंघोळ करून आला, मला बघितलं, थांबला. विहीणबाईंनी उदबत्ती त्याच्या हातात दिली. तो पुढं झाला आणि वाकला. माझ्या नावापुढं, माझ्या वाकड्या अक्षरापुढं. सरळ झाला तसा माझ्या कानाशी येऊन हळू म्हणाला, "झालं समाधान?"

मी म्हणालो, "परत एकदा वाका, पाव्हणं. मी चष्मा पुसत हुतो."

हळू म्हणालो होतो, पण विहीणबाईंचे कान तिखट. त्या म्हणाल्या, व्हय, आज आवस हाय, दोन येळा करा नमस्कार. आणि तो परत वाकला. ह्या खेपेला मी पापणीसुद्धा लववली नाही.

पोरगी चहा घेऊन आली. कप माझ्यापुढं आपटला, बशीत सांडला. "आता बास, आबा," म्हणाली, आणि व्याह्याला नव्हे, मलाच म्हणाली.

मी बशीतला चहा आधी प्यालो, मग कपातला. जाताना स्टँडवर खिडकीशी जाऊन पुढच्या रविवारी पहिली यष्टी किती वाजता लागते ते विचारून घेतलं.